इंजिनामागचा डबा कुणाचा? अमेरिकेच्या जुन्या रेल्वेगाड्यांमध्ये डब्यांचा क्रम असा ठरायचा

फलाटावर गाडी यायच्या आधी आपण सगळे एकच काम करतो. इंडिकेटरवर आपला डबा कुठे येणार ते बघायचं आणि बॅग उचलून तिकडे चालायला लागायचं. जनरलचे डबे टोकांना, एसीचे एकत्र, पॅन्ट्री मध्ये कुठेतरी, हे आपल्याला पाठ असतं. पण हा क्रम कुणी आणि का ठरवला, हा प्रश्न सहसा पडत नाही.

अमेरिकेच्या जुन्या प्रवासी गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, की भलतीच गोष्ट हाती लागते. कोणत्या गाडीला कोणते डबे, कोणत्या क्रमाने लावले याला तिथले रेल्वेवाले ‘कन्सिस्ट’ म्हणतात. आपल्याकडचा ‘रेक’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. साधारण १८७० ते १९७१ या शंभर वर्षांत अमेरिकेतली लांब पल्ल्याची बहुतेक गाडी एकाच साच्यात बांधलेली असायची. पुढे टपाल आणि सामान, मग बसायचे डबे, मध्ये जेवणाचा डबा, त्यामागे झोपायचे डबे आणि शेवटी ऑब्झर्व्हेशन कार. त्यात इंजिनीअरिंग होतं, पैशांचा हिशोब होता आणि कुणाचा जीव किती मोलाचा, याचाही हिशोब होता.

इंजिनापासून सुरुवात करून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाऊ.

पहिले डबे प्रवाशांचे नव्हतेच

वाफेच्या इंजिनामागे सगळ्यात जास्त धूर, राख आणि ठिणग्या. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवली की कपड्यांवर काजळी बसणार आणि डोळ्यात कोळशाचा कण जाणार. शिवाय समोरासमोर टक्कर झाली तर पहिला मार याच डब्यांना. म्हणून पुढे लागायचे ते टपालाचे, पार्सलचे आणि सामानाचे डबे.

पण हे डबे म्हणजे नुसता बोजा नव्हता. गाडीचा खर्च भागवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. अमेरिकेत रेल्वे खासगी कंपन्यांच्या होत्या आणि सरकारी टपाल वाहून नेण्याचे त्यांना चांगले पैसे मिळायचे. कित्येक गाड्या तिकिटांच्या जोरावर कधीच चालल्या नसत्या, पण पुढच्या टपालडब्यामुळे चालत राहिल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

१८६४ मध्ये शिकागो ते क्लिंटन या मार्गावर धावत्या गाडीत टपाल वर्गवारीची कायमची सेवा सुरू झाली. आपल्याकडची रेल्वे मेल सर्व्हिस आठवत असेल तर चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. डब्यात लाकडी खण, त्यासमोर उभे असलेले कारकून आणि हलत्या गाडीत शेकडो गावांच्या नावांप्रमाणे पत्रं टाकणारे हात. मौल्यवान टपालामुळे या कारकुनांकडे पिस्तुलं असायची. छोट्या गावात गाडी थांबतही नसे. रुळाच्या कडेला खांबावर टपालाची थैली टांगलेली असे आणि डब्याच्या दारातला कारकून लोखंडी हुक बाहेर काढून ती उचलायचा. त्याच वेळी त्या गावची थैली पायाने बाहेर ढकलायची. नेम चुकला आणि थैली चाकाखाली गेली, तर पत्रांच्या चिंध्या बर्फासारख्या उडायच्या.

याच डब्यांतून ओनी नावाचा एक कुत्रा वर्षानुवर्षं फिरला. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या टपाल कचेरीत तो वाढला. तो ज्या गाडीत असतो तिला अपघात होत नाही, अशी कारकुनांची समजूत होती. १८९७ मध्ये तो मेला आणि आज पेंढा भरलेल्या रूपात वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात उभा आहे. समजूत गोड वाटते, पण तिच्या मागे भीती होती. लाकडी टपालडबे अपघातात काड्यापेटीसारखे चिरडले जायचे आणि आतले कारकून मरायचे.

टपालाच्या लगेच मागे कोण बसायचं?

टपाल आणि सामानाच्या मागे प्रवाशांचा पहिला डबा यायचा. धूर, ठिणग्या आणि टकरीचा धोका यात हा दुसऱ्या नंबरवर. दक्षिणेकडच्या राज्यांत हा डबा कृष्णवर्णीयांसाठी राखीव असे. त्याला ‘जिम क्रो कार’ म्हणत. वर्णभेदाच्या सगळ्या कायद्यांनाच तिथे ‘जिम क्रो’ म्हटलं जायचं. बऱ्याचदा तो पूर्ण डबाही नसे. अर्ध्या भागात सामान आणि उरलेल्या अर्ध्यात कृष्णवर्णीय प्रवासी.

७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा माणूस न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. लुइझियाना राज्याच्या वेगळ्या डब्यांच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता यावं, म्हणून ही अटक ठरवून करून घेतलेली होती. (बरोबर एका वर्षाने, ७ जून १८९३ ला, दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं. तारखेचा निव्वळ योगायोग, पण विसरता येत नाही.) प्लेसीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये तो हरला. डबे वेगळे असले तरी समान असतील तर हरकत नाही, असं कोर्टाने ठरवलं. पुढची जवळपास साठ वर्षं शाळा, दवाखाने, बागा सगळ्यांना हाच नियम लावला गेला. त्याची सुरुवात रेल्वेच्या डब्यातून झाली होती.

‘समान’ म्हणजे प्रत्यक्षात काय, ते ९ जुलै १९१८ ला टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलजवळ दिसलं. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. किमान १०१ माणसं मेली. अमेरिकन रेल्वेच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण अपघातांमध्ये याची गणना होते. तोवर पोलादी डबे आले होते, पण पुढचे लाकडी डबे अजून जोडलेले होते. मृतांमध्ये मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय कामगार होते, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला निघालेले. ते पुढच्या डब्यांत बसले होते, कारण कायद्याने त्यांना दुसरीकडे बसता येत नव्हतं.

उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीत तर प्रवासाच्या मधेच जागा बदलायची. न्यूयॉर्कहून निघालेला कृष्णवर्णीय प्रवासी वॉशिंग्टनपर्यंत कुठेही बसू शकत होता. वॉशिंग्टनला सामान उचलून पुढच्या डब्यात.

१९३७ मध्ये आर्थर मिचेल शिकागोहून आर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्जला निघाले होते. तिकीट पहिल्या वर्गाचं. गाडी आर्कान्सास राज्यात शिरल्यावर कंडक्टरने त्यांना जिम क्रो डब्यात जायला लावलं. मिचेल त्या वेळी अमेरिकन काँग्रेसमधले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते. ते कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि १९४१ मध्ये जिंकले. पहिल्या वर्गाचे पैसे घेतले असतील तर पहिल्या वर्गाचीच सोय द्यायला हवी, असं कोर्ट म्हणालं. मात्र वेगळे डबे बेकायदा ठरले नाहीत.

कोच, आणि मग जेवणाचा डबा

त्यामागे साधे बसायचे डबे, म्हणजे कोच. रांगेत खुर्च्या, रात्र बसूनच काढायची. सामान्य अमेरिकन माणूस यातूनच फिरला.

जेवणाच्या डब्याची जागा मात्र विचारपूर्वक ठरवलेली असायची. कोच आणि स्लीपर यांच्या मधोमध. दोन्हीकडच्या लोकांना सारखं अंतर पडावं हे एक कारण. दुसरं कारण असं, की कोचमधल्या प्रवाशांना स्लीपरमधून ये-जा करायची गरजच पडू नये. डायनर म्हणजे गाडीतली सीमारेषा.

अगदी सुरुवातीला डायनरपर्यंत जाणंच धाडसाचं होतं. दोन डब्यांच्या मध्ये उघडा ओटा असायचा. वारा, पाऊस, इंजिनाची राख आणि खाली पळणारे रूळ. १८८७ मध्ये पुलमन कंपनीने बंदिस्त व्हेस्टिब्यूल आणलं. आज आपण दोन डब्यांमधला जो भात्यासारखा बोळ सहज ओलांडतो, तोच. तेव्हापासून गाडी हे सुटे खोके न राहता एक सलग घर झालं आणि डायनर मध्ये ठेवण्याला खरा अर्थ आला.

या डायनरमध्ये पांढरे टेबलक्लॉथ, चांदीचे काटे-चमचे आणि ताजं मांस-मासे असायचे. कंपन्यांना त्यात सहसा तोटाच व्हायचा. तरीही त्या तो सोसायच्या, कारण एकाच दोन शहरांमध्ये तीन-चार कंपन्यांच्या गाड्या धावत आणि जेवण चांगलं असेल तिकडे प्रवासी वळत.

आणि इथेही पडदा होता, शब्दशः. १७ मे १९४२ रोजी एल्मर हेंडरसन हे सरकारी अधिकारी वॉशिंग्टनहून दक्षिणेला निघाले. डायनरमध्ये स्वयंपाकघराला लागून दोन टेबलं कृष्णवर्णीयांसाठी होती आणि ती पडद्याने वेगळी करायची होती. हेंडरसन गेले तेव्हा त्या टेबलांवर गोरे प्रवासी जेवत होते. एक जागा रिकामी होती, पण त्यांना बसू दिलं नाही. ते पुन्हा गेले, पुन्हा परत पाठवलं. रात्री डायनर गाडीपासून तोडला गेला आणि हेंडरसन उपाशीच राहिले. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली.

हेंडरसन कुठे नोकरी करत होते? रोजगारातला वर्णभेद तपासणाऱ्या सरकारी समितीत. आणि ही समिती ज्याच्या दबावामुळे स्थापन झाली, तो माणूस पुढच्याच डब्यांमधल्या कामगारांचा नेता होता.

पुलमन : चाकांवरचं हॉटेल

डायनरच्या मागे स्लीपर सुरू. अमेरिकेत स्लीपर म्हणजे पुलमन. जॉर्ज पुलमनने १८६७ मध्ये कंपनी काढली. डबा पुलमनचा, आतला नोकरवर्ग पुलमनचा, फक्त ओढायचं काम रेल्वे कंपनीचं. प्रवाशाला रेल्वेचं तिकीट वेगळं आणि पुलमनचं वेगळं काढावं लागे. १९२० च्या दशकात रोज रात्री साधारण एक लाख माणसं पुलमनच्या गाद्यांवर झोपत होती.

प्रत्येक डब्याला नंबराऐवजी नाव असायचं आणि आतल्या रचनेवरून त्याचा प्रकार. सगळ्यात जास्त चाललेला प्रकार होता ‘१२-१’. म्हणजे बारा सेक्शन आणि एक खासगी खोली. सेक्शन म्हणजे दिवसा समोरासमोरच्या दोन सीट, रात्री खाली एक बर्थ आणि वर एक, बाहेर जाड पडदा. आपल्या टू-टियरशी बऱ्यापैकी जुळतं. पुढे बंद खोल्यांचे डबे आले. त्यातला ‘१०-६’ म्हणजे एकट्याच्या दहा छोट्या खोल्या आणि दोघांच्या सहा. जुन्या गाड्यांच्या कन्सिस्टच्या याद्यांमध्ये हे आकडे सतत भेटतात.

या डब्यांमध्ये गाद्या घालणारा, बूट पुसणारा, रात्री घंटा वाजली की धावणारा माणूस म्हणजे पुलमन पोर्टर. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि लगेचच पुलमनने या कामासाठी मुक्त झालेल्या गुलामांना घ्यायला सुरुवात केली. (महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केलं, त्यांचा देश तेव्हा नेमका या वळणावर होता.) प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणायचे. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून नोकरही जॉर्ज. गुलामांना मालकाच्या नावाने हाक मारायची तीच सवय.

१९२० च्या दशकात पूर्ण पगारासाठी पोर्टरला महिन्याला ४०० तास किंवा ११ हजार मैल, म्हणजे जवळपास १७,७०० किलोमीटर, भरावे लागायचे. पगार तुटपुंजा, बाकी सगळं टिपवर. १९२५ मध्ये त्यांनी संघटना काढली. नेता निवडला ए. फिलिप रँडॉल्फ. ते पोर्टर नव्हते, पत्रकार होते, त्यामुळे कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती. हे मला फार हुशारीचं वाटतं. बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीने करारावर सही केली आणि महिन्याचे तास २४० वर आले.

१९४१ मध्ये याच रँडॉल्फनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातल्या वर्णभेदावर बंदी घालणारा आदेश काढला आणि हेंडरसन यांची समिती जन्माला आली. मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाजलेलं भाषण झालं तो १९६३ चा मोर्चाही रँडॉल्फ यांच्याच नेतृत्वाखालचा. १९५५ च्या माँटगोमेरी बस बहिष्कारामागे उभे राहिलेले ई. डी. निक्सन तर स्वतः पुलमन पोर्टर होते. गावोगाव फिरणाऱ्या पोर्टरांनी ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र दक्षिणेत गुपचूप पोचवलं, ते वेगळंच.

शेपूट

शेवटचा डबा सगळ्यात मानाचा. इंजिनापासून सर्वांत लांब, मागे धावत जाणारे रूळ आणि डोंगर. जुन्या ऑब्झर्व्हेशन कारला मागे कठड्याची उघडी गॅलरी असे आणि कठड्यावर गाडीच्या नावाची गोल पाटी. राजकारण्यांसाठी हे तयार व्यासपीठच होतं. १९४८ च्या निवडणुकीत हॅरी ट्रुमन ‘फर्डिनांड मॅगेलन’ या चिलखती डब्याच्या गॅलरीतून गावोगाव भाषणं देत फिरले. त्यांच्या पराभवाची चुकीची बातमी छापलेला पेपर हातात धरून हसणारे ट्रुमन, तो जगप्रसिद्ध फोटोही सेंट लुईसला गाडीच्या याच मागच्या गॅलरीतला.

धूर गेला, क्रम राहिला

१९३० नंतर सगळं बदलायला लागलं. १९३१ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीची ‘कोलंबियन’ ही संपूर्ण वातानुकूलित गाडी धावली. खिडक्या बंद झाल्या. मग आली डिझेल. २६ मे १९३४ रोजी ‘झेफर’ ही स्टेनलेस स्टीलची तीन डब्यांची गाडी डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि १,६३३ किलोमीटर न थांबता तोडून १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. पाहुणा म्हणून आत एक गाढवही होतं, त्याचं नाव झेफ. हे मी बनवत नाहीये.

झेफरमध्ये गंमत अशी, की शेजारच्या दोन डब्यांची टोकं एकाच चाकांच्या संचावर टेकलेली. वजन कमी झालं, पण गर्दी वाढली म्हणून डबा जोडा आणि ओसरली म्हणून काढा, हे सहज जमेना. कन्सिस्टचा जीव त्या जोड-तोडीतच असतो. पुढच्या काळात कंपन्या बहुतांशी पुन्हा सुट्या, पण हलक्या डब्यांकडे वळल्या. १९४९ ची ‘कॅलिफोर्निया झेफर’ त्यातली सर्वांत देखणी. छतावर काचेचे घुमट असलेले पाच डबे आणि रॉकी पर्वत दिवसाउजेडी दिसावा असं वेळापत्रक.

आता जरा विचार करा. डिझेलमुळे राख आणि ठिणग्या गेल्या. एसीमुळे खिडक्या बंद. म्हणजे पुढच्या डब्यात आणि मागच्या डब्यात बसण्यात आता धुराचा फरक नव्हता. तरीही दक्षिणेतल्या नव्याकोऱ्या डिझेल गाड्यांमध्ये कृष्णवर्णीयांची जागा पुढेच राहिली. धूर हे कारण कधीच नव्हतं. राज्याराज्यांमधल्या गाड्यांत वर्णावरून वेगळं बसवायला बंदी आली ती थेट जानेवारी १९५६ मध्ये.

टपाल उतरलं आणि गाडी थांबली

तोवर प्रवासी विमानांकडे आणि मोटारींकडे गेले होते. न्यूयॉर्क ते शिकागो धावणारी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही अमेरिकेची सर्वांत दिमाखदार गाडी. हिच्यासाठी फलाटावर लाल गालिचा अंथरला जायचा. वर्षानुवर्षं फक्त पुलमनचे डबे असलेल्या या गाडीला १९५८ मध्ये साधे कोच जोडावे लागले. जाणकारांनी तेव्हाच ओळखलं.

शेवटचा धक्का पुढून आला. १९६७ मध्ये टपाल खात्याने पत्रं मोठ्या प्रमाणावर विमानं आणि ट्रककडे वळवली आणि बहुतेक टपालडबे बंद केले. सांता फेसारख्या कंपनीने लगेचच आपल्या कित्येक गाड्या बंद करायची परवानगी मागितली. डिसेंबर १९६७ मध्ये ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ शेवटची धावली. १९६८ च्या अखेरीस पुलमनने स्लीपर चालवणं सोडलं. १ मे १९७१ ला सरकारी पाठबळाची ‘ॲमट्रॅक’ सुरू झाली आणि तिने वेगवेगळ्या कंपन्यांचे उरलेले डबे गोळा केले. सुरुवातीची काही वर्षं एकाच गाडीत चार रंगांचे डबे दिसायचे. रेल्वेप्रेमी त्या काळाला इंद्रधनुष्याचा काळ म्हणतात. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरचा शेवटचा टपालडबा ३० जून १९७७ ला बंद झाला.

‘झेफर’ आज शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि ‘फर्डिनांड मॅगेलन’ मायामीत. वॉशिंग्टनमध्ये २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात सदर्न रेल्वेचा १२०० नंबरचा डबा ठेवला आहे. त्यात चालत जाता येतं. गोऱ्यांच्या भागात डोक्यावर सामानाचे रॅक आहेत. दुसऱ्या भागात रॅकच नाहीत, बॅगा पायाशी घेऊन बसायचं. स्वच्छतागृहसुद्धा लहान. हा डबा संग्रहालयाच्या दारातून आत जाणं शक्यच नव्हतं. म्हणून २०१३ मध्ये, इमारतीवर छप्पर चढायच्या आधीच, तो क्रेनने खाली उतरवला आणि बाकीचं संग्रहालय त्याच्याभोवती बांधलं.